होम लँग्वेज सर्व्हेवर ‘मराठी’ लिहू की ‘इंग्लिश’? (न्यू जर्सी, दुसरी)

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही नाशिकहून न्यू जर्सीत आलोय, मिडलसेक्स काउंटीत. नवरा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मी आणि लेक एच-४वर (त्याच्यामुळे मिळणारा कुटुंबाचा). लेक सात वर्षांची, नाशिकला मराठी माध्यमात पहिली झाली. (हो, मुद्दामच घातलं होतं. तेव्हा अमेरिका कुणाच्या मनातही नव्हती. आता सासरहून रोज फोनवर "तरी आम्ही म्हणत होतो" ऐकते, ते सोडा.)

परवा नाव घालायला गेलो. घराचं लीज, विजेचं बिल, जन्माचा दाखला, लसींचं कार्ड हे सगळं घेतलं. लसींपैकी एक राहिलीये, तिला मुदत दिली. बीसीजी झाल्यामुळे टीबीची टेस्ट हातावर न करता रक्ताची करून आणा म्हणाले. इथपर्यंत ठीक.

मग रजिस्ट्रार बाईंनी एकपानी फॉर्म पुढे केला, होम लँग्वेज सर्व्हे. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात जास्त वेळ कोणती भाषा बोलता, घरातली मोठी माणसं मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात. मी पेन टेकवणार तेवढ्यात नवऱ्याने कोपर मारलं. "घरी नेऊन भरतो" म्हणून उठलो. कारण त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याला आधीच बजावलंय, तिन्ही ठिकाणी ‘इंग्लिश’ लिहा, नाहीतर पोरीला ईएसएलमध्ये (इंग्लिश कमी येणाऱ्या मुलांचा वेगळा तास) टाकतील आणि मग बाहेर निघणं कठीण.

आमच्या घरात इंग्लिश फक्त मायक्रोवेव्ह बोलतो. मग खोटं लिहू का?

शिवाय दुसऱ्या एका फॉर्मवर मुलीचं जन्मस्थान आणि ‘अमेरिकेतल्या शाळेत पहिल्यांदा कधी दाखल’ अशी तारीख मागितलीये. हे व्हिसासाठी असतं का? रजिस्ट्रार बाईंनी व्हिसा मागितला नाही, आम्हीच पासपोर्ट काढून दाखवायला लागलो तर "नको, ठेवा" म्हणाल्या. सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी झाली की शाळा सुरू. लवकर सांगा.


एडिसनचा बंड्या:

डोळे मिटून इंग्लिश लिहा. आम्ही दोन्ही पोरांच्या वेळी तेच केलं. मुलं स्पंजसारखी असतात, तीन महिन्यांत फाडफाड बोलतात. ईएसएलचा शिक्का कशाला?


कृष्णाकाठची पॅरा:

गोदाकाठ, तू वयाने लहान असशील असं धरून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं इथल्या एका शाळेत पॅरा आहे. पॅरा म्हणजे शिक्षिका नव्हे. वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली असते, मागे पडणाऱ्या मुलांजवळ बसते, नाक पुसते, जॅकेटची चेन लावून देते, आणि ऑफिसात कुणी मराठी, हिंदी किंवा कानडी बोलणारं आलं की मला हाक मारतात. तेव्हा कायद्याचं मी वकिलासारखं सांगणार नाही, रोज बघते ते सांगते.

मराठी लिही. तिन्ही ठिकाणी.

त्या फॉर्मचं काम एवढंच, की इंग्लिशशिवाय दुसरी भाषा दिसली की मुलाची चाचणी घ्यायची. आमच्याकडे विडा (WIDA) नावाची असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही, आणि गुण १ ते ६ मध्ये. मुलाला चांगलं येत असेल तर ते चाचणीतच सुटतं, ईएसएलमध्ये जातच नाही. मराठी लिहिलं की मूल अडकलं, हे खरं नाही. उलट इंग्लिश लिहिलं तर चाचणीच होत नाही, आणि मग नोव्हेंबरात पोरगी गप्प बसली की वर्गशिक्षिकेला वाटतं लाजाळू आहे. नाहीतर दुसरंच काहीतरी वाटतं. तेच सांगायचंय. जरा लांबण लागेल, चहा ठेवून ये.

चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे तासगावकडची एक मुलगी आली. खुणा बदलून सांगते, गणित मात्र जसंच्या तसं. घरच्यांनी फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहिलेलं. कोणी लिहायला सांगितलं असेल ते, बंड्याभाऊ, तुम्ही ओळखाच. पोरगी दुसरीतली, चुणचुणीत. पण शिक्षिकेने फळ्यावर २५ लिहून विचारलं की म्हणायची "फिफ्टी-टू". ४७ ला "सेव्हंटी-फोर". आणि २९ ला "थर्टी-नाइन", ३९ ला "फॉर्टी-नाइन". दर वेळी. कागदावर बेरीज मात्र बरोबर.

शिक्षिकेला वाटलं अंक उलटे दिसतात, शिकण्यातली काही अडचण असणार. बाई चांगली हो, काळजीपोटीच वाटलं. तिने चाइल्ड स्टडी टीमकडे नाव पाठवलं. म्हणजे स्पेशल एज्युकेशन लागेल का ते तपासायचं.

मी त्या वर्गात नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ती शिक्षिका मला हे सांगत होती आणि मला एकदम हसू फुटलं. तिला वाटलं मी पोरीला हसतेय. मी पेपर नॅपकिनवर लिहून दाखवलं: पंचवीस. पाच आधी, वीस नंतर. सत्तेचाळीस, सात आधी. आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तीस कानात वाजतंय ना, मग पोरगी थर्टीच म्हणणार. ती बिचारी मनात मराठीत मोजत होती, आणि बरोबर मोजत होती. शिक्षिका नॅपकिनकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही लोक एवढे आकडे पाठ कसे करता? म्हटलं, मार खाऊन.

पण तोवर पत्र गेलेलं. पालकांची मीटिंग ठरली. आणि फॉर्मवर घरची भाषा इंग्लिश, त्यामुळे दुभाषा ठरवलाच नव्हता. वडील सेकंड शिफ्टला, आई एकटी आली. ती गोंधळलीये असं दिसल्यावर कुणीतरी घाईघाईने फोनवर दुभाषा लावला, हिंदीचा. इंडियन म्हणजे हिंदी. या बाईचं हिंदी सिनेमापुरतं. फोनवरचा माणूस स्पीकरवर म्हणतो, "आपकी बेटी को विशेष शिक्षा की ज़रूरत हो सकती है."

विशेष शिक्षा! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे काय ते सांगायला नको. बाईचा चेहरा पांढराफटक. "काय केलं हो हिनं?" एवढंच परत परत. मला बोलावलं तेव्हा ती रडत होती, आणि टेबलाभोवतीच्या पाच बायका तिला टिश्यू देत होत्या, ती का रडतेय ते एकीलाही कळत नव्हतं.

पुढे सगळं नीट झालं. फॉर्म दुरुस्त करून घेतला, चाचणी झाली, ईएसएल मिळालं, स्पेशल एज्युकेशनचं प्रकरण तिथेच मिटलं. कायदाच आहे, केवळ इंग्लिश कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्वाचं लेबल लावता येत नाही. आणि ती तपासणीसुद्धा पालकांच्या लेखी संमतीशिवाय सुरू होत नाही. हे त्या बाईला आधी कुणी सांगितलं असतं तर तिची ती दुपार वाचली असती.

तेव्हा मराठी लिही, आणि खाली ‘शाळेने कोणत्या भाषेत बोलावं’ अशी ओळ असेल तिथेही मराठी. हिंदी नको. तुला इंग्लिश येतं हे दिसतंच आहे, तरीही लिही. पोस्टीत लिहिणं वेगळं आणि पोरीबद्दल पाच बायका एकदम बोलताना समजून घेणं वेगळं. दुभाषा शाळेने आणायचा असतो, फुकट. आणि कुणी म्हणालं की मोठ्या मुलाला किंवा शेजारणीला आणा, तर नाही म्हण. आठ वर्षांच्या पोराने स्वतःचीच तक्रार आईला भाषांतर करून सांगायची, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. पोरगं म्हणत होतं, "बाई म्हणतात मी खूप छान आहे."

जन्मस्थान आणि तारखेचं राहिलंच. ते व्हिसासाठी नाही. अमेरिकेबाहेर जन्मलेली आणि इथल्या शाळेत तीन वर्षं पुरी न झालेली मुलं किती, हे मोजून डिस्ट्रिक्टला (म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाला) केंद्राकडून थोडा निधी मिळतो. निर्धास्त भर. व्हिसा शाळेने विचारायचा नसतो. तुमच्या रजिस्ट्रार बाई "नको, ठेवा" म्हणाल्या ना, ती बाई शहाणी आहे. सोशल सिक्युरिटी नंबरही सक्तीने मागता येत नाही. तुझ्या लेकीला तो नसेलच, त्यावाचून काही अडत नाही.


विदुला, डॅलसजवळ:

पॅराताईंचं बहुतेक पटलं, पण दुसरी बाजूही लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी शिव्या द्यायला नको.

आम्ही खरं लिहिलं. मुलगा तिसरीत होता. टेक्ससमध्ये यावर शाळेची एक कमिटी बसते, एलपॅक म्हणतात, आणि पालकांची सही लागते. ईएसएलची शिक्षिका उत्तम होती. पण रोज त्याला सायन्सच्या वेळीच वर्गातून उचलून न्यायचे. वर्षभर. ज्वालामुखीचं मॉडेल करायचं होतं, याने ते दारातून पाहिलं. शिवाय बाहेर पडायला दरवर्षीची टेलपास नावाची परीक्षा. बोलण्यात पहिल्याच वर्षी सुटला, लिहिण्यात दोन वर्षं अडकला. बंड्या म्हणतात ते ‘तीन महिन्यांत फाडफाड’ खरं आहे, पण ते मैदानावरचं इंग्लिश. पुस्तकातलं इंग्लिश यायला वर्षं लागतात, आणि शाळा तेच मोजते.

शेवटी पाचवीत आम्ही लेखी कळवून ईएसएल बंद केलं. तो पालकांचा हक्क आहे, शाळेला हो म्हणावं लागतं. वार्षिक परीक्षा मात्र तरीही द्यावीच लागते, ती टळत नाही. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पत्र येईल: मुलीची पातळी काय, कोणता कार्यक्रम, बाहेर कसं पडायचं. ते पत्र फाइलला लावून मोकळी होऊ नकोस. पहिला प्रश्न हा विचार: कोणत्या तासाला नेणार? वर्गातच येऊन शिकवणार असतील तर उत्तम.

थोडक्यात काय, खोटं लिहून पळण्यापेक्षा खरं लिहून भांडावं. भांडायला कागद लागतो, आणि इंग्लिश लिहिलंस तर तो कागदच तुझ्याकडे नसेल.


एडिसनचा बंड्या:

बरं बाबा, हरलो. पण ते व्हिसा विचारत नाहीत, सोशल विचारत नाहीत, हे सगळं बेकायदा आलेल्यांसाठी आहे हो. आपण रीतसर आलेले, टॅक्स भरणारे. आपला काय संबंध? उलट त्यांच्यामुळे ईएसएलच्या वर्गात गर्दी.


विदुला, डॅलसजवळ:

बंड्या, तुमच्या गावाहून नाही, माझ्या गावाहून सांगते. आमच्या पूर्वेला दीडेक तासावर टायलर म्हणून गाव आहे, गुलाबांसाठी प्रसिद्ध. टेक्ससने १९७५ साली कायदा केला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी राज्य शाळांना पैसे देणार नाही. मग टायलरच्या डिस्ट्रिक्टने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलाकडून वर्षाला १००० डॉलर मागितले. आईबाप गुलाबाच्या मळ्यात नाहीतर मांसाच्या कारखान्यात राबणारे, कुठून देणार? काही कुटुंबं कोर्टात गेली. सुनावणी भल्या पहाटे ठेवली होती, कोणाच्या नजरेत यायला नको म्हणून. आणि हे लोक गाड्यांत सामान भरूनच आले होते, तिथूनच हाकलून दिलं तर म्हणून.

ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १५ जून १९८२ ला पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला: मुलाचे कागद काहीही असोत, सरकारी शाळा त्याला नाकारू शकत नाही. प्लायलर विरुद्ध डो. एका मताने. गोदाकाठच्या रजिस्ट्रार बाई पासपोर्टला "नको" का म्हणाल्या, तर त्यामागे हे आहे.

आणि ईएसएल? तेही सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या घरच्यांनी भांडून मिळवलं. लाऊ विरुद्ध निकोल्स, १९७४. सुमारे १८०० मुलं वर्गात बसत होती आणि कुणीही त्यांना इंग्लिश शिकवत नव्हतं. शाळेचं म्हणणं, सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, मग भेदभाव कुठे? कोर्टाने एकमताने सांगितलं की याला समान वागणूक म्हणत नाहीत. तुमची पोरं आयत्या पिठावर रेघोट्या ओढतायत, बंड्या. ओढू देत. पण पीठ कुणी दळलं ते ठाऊक असावं.


कृष्णाकाठची पॅरा:

विदुला, दंडवत घे.

बंड्याभाऊ, संबंध विचारलात म्हणून. रीतसर आलेल्यांचंही रीतसरपण नोकरीवर टांगलेलं असतं. माझ्या शेजारणीच्या नवऱ्याची नोकरी गेली, साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा अशी मुदत लागली. त्या दोन महिन्यांत तिच्या मुलाला शाळेत एकानेही "तुमचा व्हिसा चालू आहे का" म्हणून विचारलं नाही. पोरगं रोज बसमध्ये बसून गेलं, फ्रॅक्शन्स शिकून आलं. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या घरात जागेवर होती.

दुसरं. २०२५ च्या जानेवारीत ‘शाळा, दवाखाने, देवळं इथे शक्यतो कारवाई नको’ हा इमिग्रेशनवाल्यांचा जुना नियम काढून टाकला. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळ्या स्टाफला उभ्याउभ्याच सूचना दिल्या. कोणी अधिकारी दारात आला तर आत घ्यायचं नाही, मुलाबद्दल हो की नाही काही बोलायचं नाही, मुख्याध्यापकांना बोलवायचं. कागद दाखवला तर त्यावर न्यायाधीशाची सही आहे का हे डिस्ट्रिक्टचा वकील बघेल. खात्याने स्वतःच काढलेला वॉरंट वेगळा, कोर्टाचा वेगळा. मुलाची फाइलसुद्धा पालकांच्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकुमाशिवाय सहसा देता येत नाही, १९७४ पासूनचा फेर्पा कायदा आहे. त्यात ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’ म्हणून नाव-पत्ता देता येण्याची एक पळवाट आहे. सप्टेंबरात फॉर्मांच्या गठ्ठ्यात ती नको असल्याचं कळवायचा कागद येतो. गोदाकाठ, तो शोधून सही कर. मी माझ्या मुलांच्या वेळी दरवर्षी केली.

आमच्याकडे कुणी आलं नाही. पण पहिलीतला एक मुलगा, ग्वाटेमालाकडचा, महिनाभर दाराची बेल वाजली की खुर्चीवर अर्धा उठून बसायचा. पिझ्झावाला असला तरी. मी त्याच्या शेजारी बसते. बेल वाजली की खिडकीतून डोकावून त्याला सांगायचे, "पिझ्झा." "यूपीएस." "मिसेस अमकीचा नवरा, डबा विसरली." त्याचं इंग्लिश त्या महिन्यात फार सुधारलं, हसावं की रडावं कळत नाही.

तो ज्या ईएसएलच्या वर्गात बसतो तशाच वर्गात गोदाकाठची लेक बसणार आहे. गर्दी वगैरे काही नसते हो. आमच्याकडे एका टेबलाला पाच मुलं.


गोदाकाठ:

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, शाळा सुरू झाली आणि पहिले दहा दिवस डब्यातच गेले.

तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. नवऱ्याने पॅराताईंची पंचवीसची गोष्ट वाचली आणि लेकीला हाक मारून कॅलेंडरवरचा २९ दाखवला, "इंग्लिशमध्ये सांग." "थर्टी-नाइन." त्याने निमूट पेन माझ्या हातात दिलं.

रजिस्ट्रार बाईंनी ते माझ्यासमोरच कॉम्प्युटरवर भरलं. भाषांची यादी खाली खाली जात होती, मँडरिन आणि मार्शलीज यांच्या मधे आपली मराठी सापडली. बाई म्हणाल्या, या वर्षी तुम्ही चौथ्या. म्हणजे अजून तिघांनी खरं लिहिलंय! (ऑफिसच्या बाहेर बाकावर आमच्यासारखीच दोन कुटुंबं बसलेली, तेही आपसात मराठीच बोलत होते. त्यांनी काय लिहिलं माहीत नाही.)

चाचणी झाली. हेडफोन घालून, माइकमध्ये बोलायचं. घरी येऊन म्हणाली, चित्रात एक मुलगा झाडाला पाणी घालत होता, "मला सगळं माहीत होतं पण ते मराठीत माहीत होतं." गुण आले १.५. मी मनाशी ठरवलेलं की वाईट वाटून घ्यायचं नाही, तरी वाटलं. नवरा म्हणाला पहिल्याच फटक्यात दीड, चांगलंय की.

वर्गात पहिल्या दिवशी हिने शेजारच्या मुलाकडे ‘रबर’ मागितला, त्याने स्वतःच्या हातातला रबर बँड काढून दिला. दोघं आता मैत्रीण-मित्र आहेत. खोडरबर अजून मिळालेला नाही.

विदुलाताई, तुमचा प्रश्न विचारला, कोणत्या तासाला नेणार म्हणून. ईएसएलच्या बाईंनी वेळापत्रक काढलं, बोट फिरवलं, आणि बोट सायन्सवरच थांबलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, वर्गशिक्षिकेशी बोलून बघते, सोमवारी सांगते. सोमवारी नाही कळलं तर मंगळवारी परत जाणार आहे. मराठी दुभाषा मागू का तेव्हा, की एवढ्यासाठी जास्त होईल?


कृष्णाकाठची पॅरा:

माग. सवय होऊ दे त्यांना.